अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ लावताना इतिहास-परंपरेला किती वजन द्यायचं?

विधी_तिसरं_वर्ष यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आमची अभिरूप न्यायालयाची स्पर्धा आहे आणि एका मुद्द्यावर माझं घोडं अडलं आहे.

प्रकरण काल्पनिक आहे. एका राज्यात नाटकाची संहिता प्रयोगाआधी सरकारने नेमलेल्या मंडळाकडे पाठवावी लागते. मंजुरी मिळाल्याशिवाय तिकीटविक्री सुरू करता येत नाही. एका संस्थेने मंजुरी न घेताच प्रयोग लावला, पोलिसांनी तो थांबवला आणि संस्था घटनेच्या कलम १९(१)(अ) चा, म्हणजे भाषण-अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, आधार घेऊन उच्च न्यायालयात आली. मी अर्जदार संस्थेच्या बाजूने उभी राहणार आहे.

समोरच्या बाजूचा लेखी युक्तिवाद आमच्या हाती आला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाटकांवर सरकारची नजर १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यापासून आहे. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं समाजाने ही देखरेख मान्य केली आहे. घटना अमलात आली तेव्हाही ती होतीच. तेव्हा घटनाकारांनी जे स्वातंत्र्य दिलं, त्यात विनातपासणी नाटक करण्याचं स्वातंत्र्य कुणी कधी धरलेलंच नव्हतं. इतकी जुनी आणि सलग चालत आलेली बंधनं घटनेतल्या 'वाजवी निर्बंध' या शब्दांतच बसतात.

आधाराला त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा विडाल विरुद्ध एल्स्टर हा निकाल दिला आहे. एल्स्टर यांना ट्रम्प यांच्या नावाचा एक खोचक शब्दप्रयोग टी-शर्टसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचा होता. हयात व्यक्तीचं नाव तिच्या लेखी संमतीशिवाय नोंदवता येत नाही, म्हणून अर्ज नाकारला गेला. न्यायालयाने तो नकार वैध ठरवला, आणि न्या. थॉमस यांच्या निकालपत्राचा मुख्य आधार हाच, की व्यापारचिन्हांत नावांवर बंधन घालण्याची परंपरा जुनी आहे.

मला हे अजिबात पटत नाही, पण न्यायपीठापुढे 'पटत नाही' एवढ्यावर भागत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची व्याप्ती ठरवताना इतिहासाकडे बघायचंच नाही, असं म्हणणंही मला जड जातं. मग बघायचं ते कसं? आणि आपल्या घटनेखाली या युक्तिवादाला उत्तर काय?

---

मध्यममार्ग

तुमची बाजू मला समजते, पण इतिहासाला शत्रू समजून उभ्या राहू नका. पस्तावाल.

२०१० चा अमेरिका विरुद्ध स्टीव्हन्स हा निकाल वाचा. प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या चित्रफिती विकणं गुन्हा ठरवणारा कायदा होता. सरकार म्हणालं, अशा अभिव्यक्तीचा समाजाला उपयोग किती आणि अपाय किती हे तोलून बघा. अपाय जास्त असेल तर संरक्षण काढून घ्या. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ही तराजूची कल्पनाच धोकादायक म्हणून फेटाळली. अश्लीलता, बदनामी, फसवणूक, चिथावणी असे काही मोजके प्रकार पूर्वापार संरक्षणाबाहेर मानले गेले आहेत, त्यांत आज मनाला येईल त्याची भर घालता येणार नाही, असा तो निकाल. आठ विरुद्ध एक.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा हिंसक व्हिडिओ गेम मुलांना विकण्यावर बंदी घालणारा कायदा रद्द झाला, तोही याच वाटेने. न्या. स्कालिया यांनी लिहिलं की मुलांपासून हिंसेची वर्णनं लपवून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे कधी नव्हतीच. पुरावा म्हणून त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथा काढल्या. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हिमगौरीच्या सावत्र आईला लालभडक तापलेले जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. म्हणजे इथे परंपरेनेच नव्या निर्बंधाला अडवलं.

मला या पद्धतीत एक मोठी सुरक्षितता दिसते. न्यायाधीश बदलतात, सरकारं बदलतात, लोकांचा राग कधी या गटावर असतो तर कधी त्या. जुन्या रेषा पक्क्या असतील, तर आजच्या रागाला त्या सहज पुसता येत नाहीत. 'वाजवी' म्हणजे काय ते प्रत्येक न्यायाधीशाने आपापल्या मनाने ठरवायचं, तर तुमच्या अशिलाला संरक्षण कशाचं?

---

जुनी सनद

प्रश्न चांगला मांडलास. मध्यममार्ग यांनी सांगितलं तेही खोटं नाही, त्यावर मी शेवटी येते. माझं आयुष्य फौजदारी कामांत गेलं. सभेतलं भाषण, भिंतीवरचं पोस्टर, पथनाट्य अशी प्रकरणं बरीच चालवली. त्यामुळे थोडं लांबेल.

आधी अमेरिका, कारण समोरच्यांनी शस्त्र तिथून आणलं आहे.

एल्स्टरमध्ये नऊही न्यायमूर्ती निकालावर एक होते, कारणांवर नव्हते. न्या. बॅरेट यांचं स्वतंत्र मत जरूर वाच. त्या घटनेच्या मूळ अर्थाला मानणाऱ्या, तरीही त्यांनी लिहिलं की एकेका निर्बंधासाठी इतिहासात पूर्वज शोधत फिरणं ही चुकीची रीत आहे. पुढे केलेला इतिहासही त्यांना विस्कळीत आणि अपुरा वाटला. न्या. सोटोमायोर यांनी तर बंदुकांच्या खटल्यांचा दाखला दिला: २०२२ पासून तिथे हीच इतिहासाची कसोटी लागू झाली आणि खालच्या न्यायालयांत गोंधळ माजला. म्हणजे जी पद्धत तुझ्यापुढे सिद्ध म्हणून ठेवली जाते आहे, ती तिच्या घरीच वादात आहे. अमेरिकेचा विषय निघाला, की न्यायपीठाला आधी हे सांग.

पण त्याहून जुना एक निकाल मला जास्त मोलाचा वाटतो: मॅकइंटायर विरुद्ध ओहायो, १९९५. मार्गारेट मॅकइंटायर या बाईंनी १९८८ मध्ये वेस्टरव्हिल गावात शाळेच्या नव्या कराविरुद्ध पत्रकं वाटली. काहींवर नाव होतं, काहींवर नुसतं 'चिंताग्रस्त पालक आणि करदाते'. निवडणुकीच्या पत्रकावर नाव हवंच, असा ओहायोचा कायदा होता. शंभर डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत बाई हयातही नव्हत्या, पण त्या जिंकल्या.

आता बघ गंमत नव्हे, खरी शिकवण कुठे आहे ती. थॉमस आणि स्कालिया, दोघेही इतिहासाला प्रमाण मानणारे. थॉमस यांनी अठराव्या शतकाची पानं उलटली आणि म्हणाले, त्या पिढीत टोपणनावाने लिहिणं सर्रास होतं. घटनेच्या बाजूने लिहिलेले सुप्रसिद्ध लेखसुद्धा 'पब्लियस' या नावाने आले. तेव्हा निनावी पत्रकाचा हक्क आहे. स्कालिया यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनचे राज्यांचे कायदे मोजले आणि म्हणाले, कॅलिफोर्निया सोडून प्रत्येक राज्यात हा नियम आहे, देशाने तो इतकी वर्षं पाळला आहे; तेव्हा हक्क नाही. देश एक, घटना एक, दोघांची निष्ठाही एक, आणि उत्तरं उलटी. एकाने लोक काय करत होते ते पाहिलं, दुसऱ्याने सरकार काय मना करत होतं ते पाहिलं.

तुझ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. समोरच्यांनी १८७६ पासूनचा मनाईचा इतिहास आणला आहे. नाटक करणाऱ्यांचा इतिहास त्यांच्या निवेदनात कुठे आहे?

शिवाय निर्बंध जुना आहे म्हणजे तो हक्काशी सुसंगत होता, हे गृहीतच कच्चं आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची. सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, त्याच पिढीच्या काँग्रेसने सरकारवरची द्वेषमूलक टीका गुन्हा ठरवणारा राजद्रोहाचा कायदा केला. व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना त्याखाली चार महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. जुन्या निर्बंधांची यादी करायला बसलं, तर हा कायदा पहिल्या पानावर येईल. पण १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन खटल्यात न्यायालयाने तो आधार म्हणून घेतला नाही. उलट त्या कायद्याविरुद्ध उठलेला आवाजच इतिहासाच्या न्यायालयात जिंकला, असं म्हटलं. म्हणजे तिथे इतिहास वाचला गेला तो चूक ओळखण्यासाठी.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या घटनेत कलम १३ आहे. आधीपासूनचा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरता तो शून्य. आणि 'कायदा' म्हणजे काय, हे सांगताना त्याच कलमात रूढी आणि वहिवाटसुद्धा घेतली आहे. (व्यक्तिगत कायद्यांचा वाद निराळा, त्यात आत्ता शिरू नकोस.) म्हणजे हक्क परंपरेच्या मापाने कापायचा नाही, परंपरा हक्काच्या मापाने तपासायची, हा क्रम घटनेनेच लावून दिला आहे. या स्वातंत्र्यावर निर्बंधांची मुभा देणाऱ्या कलम १९(२) मध्येही जुना कायदा टिकतो तो 'वाजवी निर्बंध घालत असेल तेवढाच'. जुना असणं पुरेसं असतं, तर ते शब्द घालायची गरजच नव्हती.

हे सांगताना मला नेहमी चवदार तळ्याचा दावा आठवतो. १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह झाला आणि तळं खाजगी आहे, अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादिकाळापासूनची आहे, असं म्हणत विरोधकांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तो शेवटपर्यंत लढला गेला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफिल्ड यांनी ती वहिवाट सिद्ध झाली नाही, असं ठरवलं. विषय पाण्याचा होता, अभिव्यक्तीचा नव्हता. पण 'पूर्वापार असंच आहे' या एका वाक्यावर माणसाचा हक्क दहा वर्षं कसा टांगता राहतो, हे आपल्या घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी प्रतिवादी म्हणून पाहिलेलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना तेच म्हणाले की इथली भूमी मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा वरून घातलेला थर आहे. अशा घटनेचा अर्थ लावताना खालच्या मातीकडे बोट दाखवून 'हक्क एवढाच' कसं म्हणता येईल?

म्हणून इतिहास फेकून द्यायचा का? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्याच वर्षी इतिहास वापरला. रोमेश थापर विरुद्ध मद्रास, मे १९५०. 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास प्रांतात बंदी होती. न्या. पतंजली शास्त्री यांनी घटना समितीत काय घडलं ते पाहिलं: मसुद्यात राजद्रोह हा निर्बंधाचा आधार होता, तो समितीने काढून टाकला. मग सरकारवरची कडवी टीका एवढ्याच कारणाने बंदी कशी घालणार? त्याच निकालात त्यांनी अमेरिकेच्या घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांचंही मत आधाराला घेतलं, की काही वाईट फांद्या वाढू दिलेल्या बऱ्या, छाटायला जाल तर चांगली फळं देणाऱ्या फांद्यांचा जोम जाईल. बघ, हाही इतिहासच. पण प्रश्न वेगळा विचारला गेला. काय काय मना होतं, हा नव्हे. लोकांनी काय टाकून दिलं आणि का, हा.

पुढे आपल्या १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था' आत आली, तशीच 'वाजवी' ही अटही आली. ते लपवू नकोस, समोरचे काढतीलच.

आणि याच राजद्रोहाच्या कलमात चुकीचा इतिहास किती महागात पडतो तेही दिसतं. १८९७ मध्ये टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की दंगा झाला की नाही, बंडाचा हेतू होता की नाही हे बघायची गरज नाही. सरकारबद्दल वैरभाव उत्पन्न केला एवढं पुरे. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने, म्हणजे तेव्हाच्या भारतातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, अव्यवस्थेचा संभव हवाच, असं म्हटलं. १९४७ मध्ये त्याच्याही वरच्या, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते खोडून पुन्हा टिळकांच्या खटल्याचीच वाट धरली. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात पाच न्यायमूर्तींपुढे हे दोन्ही इतिहास होते. त्यांनी फेडरल कोर्टाचा अर्थ निवडला, कारण त्यानेच कलम घटनेत बसत होतं. निवड घटनेने केली, जुनेपणाने नाही. स्ट्रेचींचा अर्थ तर अधिक जुना होता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत, टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला चालला त्या दालनाबाहेर संगमरवरी फलक आहे. त्यावर शिक्षा सुनावली जाण्याआधी टिळकांनी काढलेले उद्गार कोरले आहेत: ज्युरीचा कौल काही असो, मी निर्दोष आहे. १९५६ मध्ये उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तो लागला. ज्युनिअर असताना मी तिथे थांबून तो वाचत असे. न्यायालयाने भिंतीवर आरोपीचं वाक्य लावलं, निकालातलं नाही. आपल्या उच्च न्यायालयाला स्वतःच्या इतिहासातलं काय जपायचं आहे, ते त्या भिंतीवर आहे. तुला युक्तिवादात घेता येईल का माहीत नाही, पण न्यायपीठ मुंबईचं धरलं असेल तर घे.

आता मध्यममार्ग यांच्यासाठी. तुम्ही म्हणता तसा इतिहास कवच होतो, मान्य. पण व्हिडिओ गेमच्याच निकालात थॉमस यांनी विरुद्ध मत दिलं आणि तेही इतिहासावरच: त्या काळी मुलांवर आईवडिलांची सत्ता इतकी होती, की त्यांना वगळून मुलांशी बोलण्याचा हक्क कुणाला नव्हता. तेव्हा कवच कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. मी आयुष्यभर साक्षीदार तपासले आहेत. इतिहासालाही पिंजऱ्यात उभं करावं आणि उलटतपास घ्यावा. हा नियम कुणी केला? कुणाविरुद्ध केला? ज्यांच्यावर लादला त्यांना विचारलं होतं का? त्यांनी तो मानला की त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता?

१८७६ च्या कायद्याला हे चार प्रश्न विचार. परकीय सरकारने केला, आपल्यावर नाटकांतून होणारी टीका बंद करण्यासाठी, ज्यांना मताचा अधिकार नव्हता अशा प्रजेवर. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला. १९१० मध्ये बंदी आली. 'समाजाने मान्य केलं' म्हणतात ते हे. नाटकाला गर्दी करणारा समाज होता, बंद करणारं सरकार होतं.

---

विंगेतून

मी कायद्यातला नाही. तमाशाच्या फडात लहानाचा मोठा झालो, आता नाटकाला प्रकाशयोजना करतो. ताईंनी 'नाटक करणाऱ्यांचा इतिहास कुठे आहे' असं विचारलं, म्हणून लिहितो.

प्रयोगाआधी संहिता तपासायची, हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो: संहिता आहे. आमच्याकडे ती नव्हती. गण झाला, गवळण झाली, की बतावणी सुरू. वगाची गोष्ट ठरलेली असायची. राजा कोण, प्रधान कोण, शेवट काय. पण सोंगाड्या काय बोलेल ते त्या रात्री त्या गावात ठरायचं. दुपारी फड गावात उतरला की तो पारावर, पाणवठ्यावर चक्कर मारायचा. इथे कुणाचा कुणाशी तंटा आहे, रेशन कुणी खाल्लं, बंधाऱ्याचं काम कुठे अडलं, सगळं कानावर घालून घ्यायचा. रात्री दरबारात प्रधानाच्या तोंडी तेच. पुढच्या ओळीत बसलेल्या पुढाऱ्यांना कळायचं आणि मागच्या हजार लोकांना आधीच कळलेलं असायचं. माझ्या वडिलांचा एक सवाल-जवाब मी अनेक गावांत ऐकला, दोनदा सारखा ऐकला नाही.

ही रीत १८७६ च्या आधीची आहे. नाथांची भारुडं घ्या, तीही सोंग घेऊन लोकांपुढे बोलणंच होतं. तर दीडशे वर्षांची परंपरा म्हणून जी सांगतात ती कागदाची. तोंडाची त्याहून जुनी आहे. ती कागदावर कशी आणणार, आणि नाही आणली म्हणून बेकायदा कशी?

---

विधी_तिसरं_वर्ष

ताई, दादा, मध्यममार्ग, तिघांचेही मनापासून आभार. 'विंगेतून' दादांचं उत्तर मी आमच्या गटात वाचून दाखवलं. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं की 'तपासणी' हा शब्दच लिहिलेल्या नाटकापुरता आहे.

दोन शंका उरल्या. एक, परंपरेचा आधार आम्ही नाकारायचा आणि मग स्वतःच तमाशाची परंपरा सांगायची, हे विसंगत नाही का ठरणार? दोन, समोरचे के. ए. अब्बास निकाल नक्की काढतील. तिथे तर चित्रपटांची प्रदर्शनपूर्व तपासणी वैध ठरली आहे.

---

जुनी सनद

'विंगेतून', तुम्ही लिहिलंत ते एखाद्या प्रतिज्ञापत्रात यायला हवं. खरंच सांगते.

पहिली शंका रास्त आहे आणि न्यायपीठ ती विचारेलच. विसंगती नाही, कारण दोन्ही परंपरांकडून तू एकच काम मागत नाहीस. समोरचे म्हणतात, निर्बंध जुना म्हणून हक्क लहान. तू 'बोलणं जुनं म्हणून हक्क मोठा' असं म्हणू नकोस. तसं म्हणालीस, तर उद्या ज्या बोलण्याला परंपराच नाही, जे आजवर गप्प बसवले गेलेल्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं, त्याला संरक्षण नाही असा अर्थ निघेल. तो फार वाईट निकाल होईल. तमाशाची परंपरा एवढ्याच कामाला घे: समोरच्यांच्या विधानातलं तथ्य खोडायला. ते म्हणतात समाजाने देखरेख मान्य केली. तू दाखव की समाज रात्रभर मंजुरीशिवायचं बोलणं ऐकायला बसत होता. हक्काचा पाया मात्र १९(१)(अ) चे शब्द आणि कलम १३. तिथून हलू नकोस.

निर्बंध वाजवी की नाही याची कसोटी १९५२ च्या मद्रास विरुद्ध व्ही. जी. रो मध्ये घालून दिलेली आहे: हक्काचं स्वरूप, निर्बंधाचा हेतू, ज्या अपायावर इलाज करायचा त्याची व्याप्ती आणि निकड, इलाज प्रमाणाबाहेर आहे का, आणि त्या वेळची परिस्थिती. हे शेवटचं ठासून सांग. परिस्थिती आत्ताची बघायची आहे, १८७६ ची नाही.

दुसरी शंका. अब्बास १९७० चा, सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा. माहितीपटातली मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं कापायला सांगितली होती, तिथून वाद सुरू झाला. निकालाचा कणा 'तपासणी जुनी आहे' हा नाही. चित्रपट इतर कलांपेक्षा प्रेक्षकाला जास्त हलवतो, म्हणून त्याला वेगळं वागवता येतं, हा आहे. तेव्हा तो नाटकाला जसाच्या तसा चिकटत नाही. शिवाय त्या खटल्यात सरकारने कबूल केलं होतं की निर्णयाला कालमर्यादा असेल आणि अपील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाईल. तुझ्या प्रकरणातल्या मंडळाला कालमर्यादा आहे का? नाकारलं तर अपील कुणाकडे? प्रकरणाच्या कागदात हे दिलेलं नसेल तर तेच पकड.

तुझ्या हातात एक थेट निकालही आहे. लखनौमध्ये इप्टा या नाट्यसंस्थेने प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेवरचं नाटक केलं, १८७६ च्या कायद्याखाली खटला झाला, आणि १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध घालतो म्हणून घटनाबाह्य ठरवला. बाबूलाल या नावाने सापडेल. कायदा तेव्हा ऐंशी वर्षांचा होता, कुणी त्याचं वय आडवं आणलं नाही. २०१८ च्या सुरुवातीला कालबाह्य कायदे मोडीत काढताना संसदेनेही तो रद्द केला. जी परंपरा संसदेनेच पुसली, तिच्यावर समोरचे उभे आहेत. हे मात्र पहिल्यांदा सांगू नकोस, प्रत्युत्तराला राखून ठेव.

क्रम असा धर: कलम १३, मग रोमेश थापर, मग व्ही. जी. रो, मग बाबूलाल. अमेरिका शेवटी, आणि तीही विचारलं तरच. अब्बास निकाल पूर्ण वाचून जा, नुसतं टिपण नको. पहिला प्रश्न बहुतेक त्यावरच येईल.